फळा पुसण्याआधी

पदव्युत्तर वर्गाला तौलनिक साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवताना गेली काही वर्षे मी एक लहानसा प्रयोग करीत आलो आहे. जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' सुरू करण्याआधी फळ्यावर 'काँगोचे अरण्य' एवढे दोनच शब्द लिहायचे आणि मनात येईल तो शब्द विद्यार्थ्यांना सांगायला लावायचा. काळोख, गूढ, दलदल, श्वापदे, नरभक्षक, आदिम, मृत्यू. यादी थोड्याफार फरकाने दरवर्षी हीच असते. एका वर्षी मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, पण तिथली माणसे रोज जेवतात काय?'' वर्ग हसला. मीही हसलो. कारण मला उत्तर ठाऊक नव्हते.

कॉनरॅडच्या निवेदनातील चौकटीची रचना, प्रतिमांची वीण, मार्लोचा संदिग्ध स्वर या सर्वांवर मी तासन्‌तास बोलू शकत होतो. ज्या भूमीवर हे सारे उभे आहे तिथे सकाळी चूल कशावर पेटते आणि तिच्यावर काय शिजते, हे मात्र सांगता येत नव्हते. त्या लाजेपोटी मी जे वाचत गेलो त्यातून हा लेख झाला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : अरण्याला रूपक म्हणून शिकवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, पण ते एक ठिकाण आहे, तिथे माणसे राहतात, हे विद्यार्थ्याला आधी कळले पाहिजे. हा क्रम चुकला की रूपकच भूगोलाची जागा बळकावते. आणि त्याची किंमत वर्गात बसलेले आपण मोजत नाही, त्या भूमीवरचे लोक मोजतात.

उदाहरणासाठी मी ईशान्य काँगोतील इतुरीचे अरण्य आणि त्यातला मांबासा हा जिल्हा घेतो. ही निवड मनमानी नाही. १८९० मध्ये कॉनरॅड 'रुआ दे बेल्ज' या आगबोटीतून काँगो नदीने स्टॅनली फॉल्सपर्यंत, म्हणजे आजच्या किसांगानीपर्यंत गेला. त्या वाटेवर बासोको येथे उत्तरेच्या बाजूने अरुविमी नावाची नदी काँगोला मिळते. या अरुविमीने वर वर गेले की तिचेच नाव इतुरी होते. कॉनरॅडच्या तीन वर्षे आधी, १८८७ मध्ये, हेन्री मॉर्टन स्टॅनलीची मोहीम अरुविमीच्या काठावरील यांबुया येथून निघून हेच अरण्य तुडवीत पूर्वेकडे गेली होती. त्या प्रवासावर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे नाव 'इन डार्केस्ट आफ्रिका'. प्रकाशनाचे वर्ष १८९०. त्याच्या १८७८ च्या ग्रंथाच्या नावातही 'डार्क' हा शब्द आहेच. म्हणजे १८९९ साली कॉनरॅडची कथा मासिकातून येऊ लागली तेव्हा काळोख हा शब्द वाचकाच्या तोंडी बसलेला होता. कॉनरॅडने त्याला अंतर्मुख केले, युरोपवर उलटवले, हे त्याचे मोठेपण. पण त्याने आणखी एक गोष्ट केली : नदीचे नावच कादंबरीतून काढून टाकले. निनावी झालेल्या त्या जागेत प्रत्येक पिढीचा वाचक आपापले भय भरत आला आहे.

आता ती जागा पाहू. इतुरीचे अरण्य सुमारे ६३,००० चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. मांबासा जिल्हा त्यातला मोठा भाग व्यापतो. त्याचे क्षेत्र साधारण गोव्याच्या दहापट. विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेचा हा प्रदेश म्हणजे दलदल नव्हे, ते बरेचसे उंचावरचे पठार आहे. पाऊस वर्षभर थोडाफार चालूच. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत तो ओसरतो आणि त्या कोरड्या दिवसांवरच शेतीचे वेळापत्रक बसते. अरण्य सगळीकडे सारखे नाही. काही भागांत मैलोगणती एकाच जातीच्या उंच सदाहरित वृक्षांचे राज्य असते. तिथे खाली सावली गडद आणि झुडपे विरळ, त्यामुळे माणसाला सहज चालता येते. काही भागांत अनेक जातींची सरमिसळ, तर काही ठिकाणी जुन्या, सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा माजलेले दाट रान. 'अभेद्य' म्हणून प्रवासी ज्याचे वर्णन करतात ते पुष्कळदा हेच तिसऱ्या प्रकारचे रान असते. म्हणजे ज्याला पाहुणा आदिम समजतो, ते कुणाच्या तरी आजोबांचे शेत असते.

या अरण्यात दोन प्रकारचे लोक शेजारी राहतात. बिला, लेसे, बुडु, न्दाका हे शेती करणारे. त्यांच्या संगतीने शिकार आणि वेचणी करणारे म्बुटी. त्यांच्यातच लेसेंच्या शेजारच्या समूहाला एफे म्हणतात. बाहेरच्या जगाने या दुसऱ्या गटाला 'पिग्मी' हे ग्रीक पुराणकथांमधून आलेले नाव चिकटवले. एफे धनुष्यबाणाने शिकार करतात. बिलांच्या शेजारचे म्बुटी वेलींच्या सालीच्या धाग्यांची लांब जाळी वापरतात. प्रत्येक कुटुंबाचे जाळे दुसऱ्याच्या जाळ्याला लागून अर्धवर्तुळात उभे केले जाते, आणि बायका-मुले ओरडत, झुडपे बडवत हरणांना त्या दिशेने हाकतात. जाळ्याची शिकार एकट्याने होतच नाही. तिला गाव लागते. झोपड्या बांधणे हे बायकांचे काम. बारीक फांद्यांचा घुमट करून त्यावर मोंगोंगोची रुंद पाने कौलांसारखी एकावर एक लावत जायची. वस्ती हलली की झोपडी तिथेच सोडायची.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते, आणि ते अनपेक्षित आहे. १९८० च्या दशकात एफे लोकांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास झाला. त्यातून दिसले, की त्यांच्या अन्नातील निम्म्याहून अधिक ऊर्जा शेतीतल्या पिकांतून येते. म्हणजे लेसे शेजाऱ्यांच्या शेतातली केळी, भुईमूग, तांदूळ आणि कसावा. हा कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज जहाजांनी तो आफ्रिकेत नेला. एकादशीला आपण ज्याची खिचडी करतो तो साबुदाणा याच कंदापासून होतो. तिथे त्याच्या कंदाचे पीठ करतात आणि कोवळ्या पानांची भाजीही. 'काळोखाच्या हृदयात' शिजणारी वस्तू आपल्या उपवासाच्या ताटात आहे, हे मी पुढच्या वर्षी वर्गात सांगितले तेव्हा पुन्हा हशा झाला. पण तो निराळ्या जातीचा होता.

मग शिकारी लोकांकडून शेतकऱ्यांकडे काय जाते? मांस, मध, छपराची पाने आणि मुख्य म्हणजे श्रम. शेत तोडताना, पीक काढताना एफे स्त्रिया लेसेंच्या शेतांवर राबतात. लेसेंकडून धान्य, मीठ, लोखंड, भांडी, कपडे येतात. हा बाजारातला व्यवहार नव्हे. एका एफे कुटुंबाचे एका लेसे कुटुंबाशी नाते असते आणि ते बापाकडून मुलाकडे वारशाने येते. मानवशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले आहे, की लेसे माणूस आपल्या एफे जोडीदाराला आपल्या 'घरा'चाच घटक मानतो. मात्र घरात जसा उच्च-नीच क्रम असतो तसा तो इथेही असतो. लेसे पुरुष एफे स्त्रीशी लग्न करतो. उलट क्वचितच घडते. आपल्याकडे बलुतेदारीवर लिहिणाऱ्यांना या नात्यातला गुंता नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आपुलकी आणि अवहेलना एकाच ओसरीवर बसू शकतात, हे आपण जाणतो. भाषेतही हीच गुंतागुंत आहे. एफे लेसेंच्याच भाषेची बोली बोलतात, जाळ्याने शिकार करणारे म्बुटी बिला भाषा बोलतात, आणि रस्त्यावर सर्वांना जोडते ती स्वाहिली. ही भाषा एकोणिसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यावरून व्यापाऱ्यांबरोबर, म्हणजे हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर, इथे पोचली. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' आणि सरकारला 'सेरिकाली' म्हणतात. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांना हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मिळाले आहेत.

ज्यांना कॉनरॅडचा काळोख नको असतो, ते सहसा दुसऱ्या एका पुस्तकाकडे वळतात. कॉलिन टर्नबुल यांचे 'द फॉरेस्ट पीपल' १९६१ साली आले. टर्नबुल काही काळ बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकले होते, आणि भारतातून परततानाच्या भटकंतीत १९५१ मध्ये प्रथम एपुलु नदीकाठी पोचले. त्यांच्या पुस्तकात अरण्य काळोखाचे नाही. ते आई-बापासारखे आहे. संकट आले तर म्बुटी मानतात की अरण्याला झोप लागली, म्हणून त्याला गाऊन जागे करायचे. पुस्तक अतिशय प्रेमाने लिहिलेले आहे आणि मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहे. पण त्यात म्बुटी जितके उजळतात तितके बिला शेतकरी काळवंडतात : अरण्याला भिणारे, जादूटोण्यात बुडालेले, थोडे हास्यास्पद. काळोख नाहीसा झालेला नाही. तो झाडांवरून उचलून शेजारच्या गावावर टाकला आहे.

तरीही टर्नबुल यांच्यातला प्रामाणिक निरीक्षक त्यांच्यातल्या स्वप्नाळू लेखकाला मधूनच चकवतो. 'मोलिमो' या पवित्र विधीत रात्री अरण्यातून एका वाद्याचा आवाज येतो. ते वाद्य पाहण्याची त्यांना फार उत्सुकता होती. पाहिले तेव्हा ती सांडपाण्याची धातूची नळी निघाली. ते हिरमुसले. म्बुटींना मात्र त्यात काही वावगे वाटले नाही : आवाज चांगला येतो, नळी कुजत नाही, मग ती कशाची आहे याची चिंता कशाला? साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी मला हा प्रसंग संपूर्ण पुस्तकाहून मोलाचा वाटतो. आदिम शुद्धतेचा आग्रह पाहुण्याचा होता. यजमान आपल्या काळात जगत होते आणि आपल्या काळातली वस्तू वापरत होते.

दोन्ही पुस्तकांत जे जवळपास दिसत नाही ते म्हणजे इतिहास, आणि इतुरीत इतिहास रस्त्याच्या रूपाने येतो. बेल्जियन राजवटीने अरण्यात विखुरलेल्या शेतकरी वस्त्यांना सक्तीने उठवून नव्या मोटाररस्त्याच्या कडेला आणून बसवले. कर वसूल करायला, मजूर मिळवायला, सक्तीची पिके घ्यायला तेच सोयीचे. आज प्रवाशाला जे 'पारंपरिक' गाव रस्त्याच्या दुतर्फा रांगेत दिसते, ती रांग वसाहतवादाने आखलेली आहे. किसांगानीहून न्यान्या, एपुलु, मांबासा करीत कोमांडाकडे जाणारा हा रस्ता देश स्वतंत्र झाल्यावर हळूहळू चिखलात गेला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात पुन्हा दुरुस्त झाला. रस्ता सुधारला तशी दक्षिणेकडून जमीन शोधणारी नान्दे शेतकरी कुटुंबे आली, लाकडाचे व्यापारी आले, सोने शोधणारे आले. जिल्ह्याची सात पारंपरिक सरदारक्या आहेत. त्यांत बाबिला, वालेसे, बांडाका, बोंबो अशी शेतकरी समूहांची नावे वाचायला मिळतात. म्बुटींच्या नावाची एकही नाही. ज्यांना जग 'अरण्याचे लोक' म्हणून ओळखते, त्यांची जिल्ह्याच्या नकाशावर अक्षरभरही जागा नाही.

१९९२ मध्ये याच भागात ओकापी राखीव क्षेत्र जाहीर झाले. सुमारे १३,७०० चौरस किलोमीटर. ओकापी हा जिराफाचा अरण्यात राहणारा आप्त. युरोपच्या विज्ञानाला त्याचा 'शोध' १९०१ मध्ये लागला, म्बुटींना तो अर्थातच आधीपासून माहीत होता. राखीव क्षेत्र करताना लोकांना बाहेर काढले नाही, ही त्याची जमेची बाजू. १९९६ मध्ये ते जागतिक वारसा ठरले आणि पुढच्याच वर्षी युद्धामुळे 'धोक्यातील वारसा' या यादीत गेले. जून २०१२ मध्ये एका सशस्त्र टोळीने एपुलुच्या केंद्रावर हल्ला केला. माणसे मारली गेली आणि केंद्रात पाळलेले १४ ओकापी दगावले. जगातल्या वृत्तपत्रांत ओकापींची बातमी ठळक झाली.

मात्र मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी नोंद त्याच्या दहा वर्षे आधीची आहे. २००२ च्या अखेरीस आणि जानेवारी २००३ च्या सुरुवातीला बंडखोर सैन्यांनी मांबासा आणि आसपासच्या गावांवर एक मोहीम चालवली. हत्या, बलात्कार, लूट. बळींमध्ये नान्दे होते आणि म्बुटीही. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने त्याची चौकशी केली. त्या मोहिमेला दिलेले फ्रेंच नाव होते 'एफासे ल ताब्लो'. मराठीत सांगायचे तर, फळा पुसून टाका.

हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा खडूने माखलेल्या माझ्या हाताकडे माझे लक्ष गेले. कादंबरीचे वाचन आणि कत्तल यांची बरोबरी करण्याचा उथळपणा मला करायचा नाही. त्या हत्यांमागे सत्ता होती, सोने होते, शेजारच्या देशांचे राजकारण होते, कॉनरॅड नव्हता. पण एक विचार मला सोडत नाही. जिथे माणसे आहेत हे जगाला मुळात माहीतच नसते, तिथे माणसे पुसली गेली तर जगाला काय पुसले गेले हेही कळत नाही. फळा आधीच कोरा समजला गेला असेल, तर तो पुसण्याला गुन्हा म्हणायला साक्षीदार कुठून येणार?

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. साहित्यकृती म्हणजे गॅझेटियर नव्हे. मर्ढेकरांच्या पिढीपासून आपण शिकलो, की कलाकृतीला तिच्या बाहेरच्या मापाने मोजू नये. कॉनरॅडचे अरण्य मार्लोच्या मनातले आहे; तिथल्या आहाराची चौकशी करणे म्हणजे हॅम्लेट वाचताना डेन्मार्कच्या मासेमारीची आकडेवारी मागण्यासारखे आहे. या आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. पण डेन्मार्क म्हटल्यावर आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात हॅम्लेटखेरीज दहा गोष्टी येतात. काँगोचे अरण्य म्हटल्यावर कॉनरॅडखेरीज एकही येत नाही. रूपकाला रूपक म्हणून ओळखायचे तर त्याच्या पलीकडची वस्तू थोडी तरी माहीत असावी लागते. वस्तू माहीत नसेल तर वाचक रूपकालाच माहिती समजतो. तेव्हा कलाकृतीची स्वायत्तता जपायची असेल तरी भूगोल हवा. तो नसला की कादंबरी नकळत गॅझेटियर होऊन बसते.

दुसरा प्रतिवाद असा, की हे सारे चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात सांगून झाले आहे. खरे आहे. आफ्रिकेला निव्वळ पार्श्वभूमी करून तिच्यातला माणूस हद्दपार केला, हा त्यांचा आरोप आजही तसाच टोकदार आहे. पण आपण त्या व्याख्यानाचे काय केले? 'कॉनरॅड वंशवादी आहे काय? चर्चा करा' असा दहा गुणांचा प्रश्न. विद्यार्थी कॉनरॅडचे चार मुद्दे आणि अचेबे यांचे चार मुद्दे लिहितो, शेवटी समन्वयाचा परिच्छेद जोडतो आणि पास होतो. दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ असूनही त्याच्या मनातल्या अरण्यात अजून एकही माणूस राहायला आलेला नसतो. अचेबे यांनी ज्या रिकामपणावर बोट ठेवले, तो रिकामपणा त्यांच्याच नावाचे उत्तर लिहून आपण शाबूत ठेवला आहे. याचा दोष मी इतरांच्या माथी मारत नाही. असे प्रश्न मीही काढले आहेत.

मग करायचे काय? अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. कादंबरी सुरू करण्याआधी एक तास, फक्त एक, त्या प्रदेशाला द्यावा. नकाशा लावावा, काँगो, अरुविमी, इतुरी, एपुलु या नद्या बोटाने दाखवाव्यात. जाळे कसे लावतात, मोंगोंगोच्या पानांचे घर कोण बांधते, लेसे आणि एफे एकमेकांचे कोण लागतात, हे सांगावे. एफे वस्तीत तान्हे मूल एकट्या आईचे नसते. चार महिन्यांच्या बाळाचा दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ इतरांच्या हातांत जातो, हे सांगावे. २०२२ मध्ये काँगोच्या संसदेने तिथल्या पिग्मी मूलनिवासींच्या हक्कांचा कायदा केला, आणि तरीही इतुरीत मे २०२१ मध्ये लष्करी अंमल जाहीर करावा लागला होता, हेही सांगावे. त्यानंतर कॉनरॅड वाचावा. माझा अनुभव असा, की कादंबरी त्याने लहान होत नाही. उलट मार्लोला काठावर जे दिसत नाही, ते विद्यार्थ्यांना दिसू लागते, आणि त्याच्या न दिसण्याची भीषणता प्रथमच त्यांच्यापर्यंत पोचते. कॉनरॅडला अभिप्रेत असलेला काळोख कदाचित हाच असेल.

ती विद्यार्थिनी आता एका शाळेत शिक्षिका आहे. तिचा प्रश्न बालिश समजून मी हसलो होतो. साहित्याच्या वर्गात एखाद्या दूरच्या भूमीबद्दल विचारण्याजोगा तो पहिला प्रश्न असतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. यंदाही फळ्यावर तेच दोन शब्द लिहीन, काळोखापासून मृत्यूपर्यंतची यादी येऊ देईन. फक्त ती पुसण्याआधी शेवटी 'कसावा, केळी, मध' असे लिहीन, आणि त्यावरच तासाला सुरुवात करीन.